'आला' आणि 'आला आहे' : इंग्रजीतील दोन काळांचा पाठ

बारामती व इंदापूर तालुक्यांतील उच्च प्राथमिक वर्गांच्या इंग्रजीच्या वह्या चाळल्या असता काही चुका पानोपानी भेटतात. 'मी काल बारामतीला गेलो होतो' या वाक्याचे इंग्रजी मूल 'आय हॅड गॉन टु बारामती यस्टरडे' असे करते. 'मी काल अर्ज दिला आहे' याचे 'आय हॅव गिव्हन द ॲप्लिकेशन यस्टरडे' होते. 'मी अजून जेवलो नाही' याचे 'आय डिड नॉट ईट येट' होते. तिन्ही वाक्ये लाल शाईने दुरुस्त केली जातात, मूल ती दुरुस्ती पाच वेळा लिहून काढते, आणि पुढच्या आठवड्यात त्याच चुका पुन्हा उगवतात. मूल आळशी आहे किंवा मंद आहे असा निष्कर्ष यातून काढणे सोपे असते. पण तो अन्यायाचा ठरतो. या तिन्ही वाक्यांत मुलाने काहीही गाळलेले नाही. मराठी क्रियापदाला जे इंग्रजी रूप जोडावे म्हणून त्याला सांगण्यात आले, तेच त्याने प्रामाणिकपणे जोडले आहे. चूक असेल तर ती सांगण्यात आहे.

(या पाठात इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत, फळ्यावर ती अर्थात रोमन लिपीत लिहावयाची.)

वर्गात बहुधा सांगितले जाते ते असे : 'आहे' आले की 'हॅव' किंवा 'हॅज', 'होता' आले की 'हॅड', आणि नुसते 'आला, गेला' असले की क्रियापदाचे दुसरे रूप. नियम सुटसुटीत आहे, पाठ करण्यास सोपा आहे, आणि दहांपैकी काही वाक्यांत तो बरोबरही ठरतो. म्हणूनच तो टिकून राहिला. शिवाय नावांच्या सारखेपणामुळेही घोटाळा होतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठीचे व्याकरण लिहिताना इंग्रजी व्याकरणाची चौकट डोळ्यांपुढे राहिली. दोन्ही भाषांच्या शालेय व्याकरणांत 'साधा भूतकाळ' आहे, 'पूर्ण वर्तमानकाळ' आहे, 'पूर्ण भूतकाळ' आहे. नाव एक आहे म्हणून वस्तूही एकच असावी असा समज सहज होतो. पण शेजारच्या दोन घरांतील मुलांचे नाव एकच असले म्हणून त्यांचे स्वभावही एक असतील असे कोणी धरत नाही.

मग प्रारंभ कोठून करावा? व्याकरणाच्या कोष्टकापासून करू नये. मुलाच्या घरापासून करावा.

वीरहून निघालेला नीरा डावा कालवा या दोन्ही तालुक्यांतून जातो, आणि त्याच्या पाण्याच्या पाळीवर असंख्य घरांचा दिनक्रम ठरतो. उंबऱ्यावरून हाक येते, "पाणी आलंय!" घरातून प्रश्न येतो, "कवा आलं?" उत्तर मिळते, "पहाटं आलं." या तीन वाक्यांत आपल्याला शिकवावयाचे जवळजवळ सर्व काही आहे. पहिले वाक्य ऐकताच माणूस खोरे उचलतो व दारे धरायला निघतो. कारण पाणी या क्षणी कालव्यात आहे. येणे घडून गेले, पण त्याचे फळ समोर उभे आहे. दुसऱ्या व तिसऱ्या वाक्यात लक्ष पाण्यावरून उठून वेळेकडे गेले, आणि त्याबरोबर 'आलंय' मधील 'आहे' आपोआप गळून पडले. "कवा आलंय?" असे येथे सहसा कोणी विचारत नाही. आणि एखादा उशिरा उठलेला जर विचारू लागला, तर त्याला ऐकावे लागते, "पाणी आलतं!" म्हणजे येऊन गेले, पाळी हुकली.

आलंय, आलं, आलतं. लहान मूलही ही तीन रूपे कधी चुकवत नाही, कारण प्रत्येकाबरोबर घरातील माणसे वेगळे काही तरी करताना त्याने पाहिलेले असते. इंग्रजीतही पहिल्या संवादाची मांडणी अगदी हीच आहे. 'द वॉटर हॅज कम.' 'व्हेन डिड इट कम?' 'इट केम ॲट फाइव्ह ओ'क्लॉक.' बातमी सांगताना 'हॅज कम'. तपशील सांगताना 'केम'. शिक्षकाने हा संवाद प्रथम मुलांच्या बोलीत, मग प्रमाण मराठीत, मग इंग्रजीत फळ्यावर एकाखाली एक लिहावा. बोलीतील 'आलंय' हे रूप अशुद्ध म्हणून पुसू नये. या पाठात तेच आपले भांडवल आहे. प्रमाण मराठीत 'आले आहे' असे दोन शब्द झाले की मुलाला 'आहे' सुटे दिसू लागते आणि ते त्याचे स्वतंत्र भाषांतर करू पाहते. बोलीत ते क्रियापदात मुरलेले असते, त्यामुळे संपूर्ण रूपाचा अर्थ एकदम मनात येतो.

पूर्वीपासून या घटकासाठी कृतिपाठ घेण्याची रीत आहे. शिक्षक खिडकी उघडतात व म्हणतात, 'आय हॅव ओपन्ड द विंडो.' पाठ वाईट नाही. पण खिडकी उघडल्याची बातमी वर्गात कोणालाच नको असते; ती सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. ज्या वाक्याची ऐकणाऱ्याला गरज नाही ते वाक्य मूल घोकते आणि विसरते. त्यापेक्षा या भागातील शाळांना आषाढात जी संधी आपोआप मिळते ती घ्यावी.

संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला जाताना बारामती व इंदापूर या तालुक्यांतून जाते. काटेवाडीला पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, तेथेच मेंढ्यांचे रिंगण होते. सणसरला मुक्काम असतो, बेलवाडीला गोल रिंगण होते, आणि पुढे पालखी इंदापूरला येते. शाळा उघडून थोडेच दिवस झालेले असतात आणि मुलांच्या तोंडी दुसरा विषय नसतो. सणसरच्या शाळेत मुक्कामाच्या संध्याकाळी फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत.

'द पालखी हॅज कम टु सणसर.'

'इट केम धिस इव्हिनिंग.'

पालखी पुढे निघून गेल्यावर शाळा भरेल त्या दिवशी फळा तसाच ठेवून मुलांना विचारावे, यांतील कोणते वाक्य आता पुसावे लागेल? मुले थोडी घुटमळतात, मग कोणी तरी ओळखते. पालखी गावात नाही, तेव्हा पहिले वाक्य आता खरे राहिले नाही. त्याच्या जागी 'द पालखी हॅज लेफ्ट' असे लिहावे लागेल. दुसऱ्या वाक्यातील 'धिस इव्हिनिंग' बदलून तेथे त्या वाराचे नाव घातले, 'इट केम ऑन मंडे ईव्हिनिंग' किंवा जो वार असेल तो, की ते वाक्य उद्याही खरे, पुढल्या वर्षीही खरे, शंभर वर्षांनीही खरे. एक वाक्य शिळे होते, दुसरे होत नाही. पूर्ण वर्तमानकाळ हा नावाप्रमाणेच वर्तमानकाळ आहे, ही गोष्ट व्याख्येने जितकी पटत नाही तितकी या पुसण्याने पटते. ज्या शाळा पालखीच्या वाटेवर नाहीत त्यांनी कालव्याचे पाणी, कारखान्याचा गळीत हंगाम, किंवा भिगवणच्या जलाशयावर हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी घ्यावेत. 'द फ्लेमिंगोज हॅव कम' हे वाक्य पक्षी तेथे असेपर्यंतच फळ्यावर राहू द्यावे.

यानंतर रोज दोन मुलांनी फळ्याच्या कोपऱ्यात गावची एक बातमी लिहावी असा परिपाठ ठेवता येईल. पहिले वाक्य बातमीचे, पुढील एक-दोन तपशिलाचे. 'अवर काऊ हॅज हॅड अ काफ. शी हॅड इट लास्ट नाइट.' व्याकरणाचे नावही न घेता महिनाभर हा परिपाठ चालवावा. नावे नंतर सांगितली तरी चालतात.

येथवर मराठी व इंग्रजी हातात हात घालून चालल्या. आता जेथे त्यांच्या वाटा फुटतात ती ठिकाणे पाहावी लागतील, कारण वहीतील चुका नेमक्या तेथेच होतात.

पहिले ठिकाण 'काल' या शब्दाचे. 'मी काल अर्ज दिला आहे' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. बोलणारा वेळही सांगतो आणि 'अर्ज तुमच्याकडे आहे, आता पुढचे तुम्ही पाहा' असेही सुचवतो. मराठी या दोन्ही गोष्टी एका वाक्यात मावू देते. इंग्रजी तसे करू देत नाही. संपून गेलेली वेळ तोंडाने उच्चारली, 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन १९८०', 'टू डेज ॲगो', की 'हॅव' ला तेथे जागा नाही. 'आय गेव्ह द ॲप्लिकेशन यस्टरडे' असेच म्हणावे लागते. 'व्हेन' ने सुरू होणाऱ्या अशा प्रश्नालाही हाच नियम लागू. 'तू केव्हा आला आहेस?' याचे 'व्हेन हॅव यू कम?' होत नाही, 'व्हेन डिड यू कम?' होते. उलट 'टुडे', 'धिस वीक', 'धिस इयर' या वेळा अजून संपलेल्या नाहीत, म्हणून त्यांच्याशी 'हॅव' चे वैर नाही. मुलाचे चुकते ते तर्काच्या अभावी नव्हे. जर्मन भाषेत रोजच्या बोलण्यात 'काल' बरोबर 'हॅव' सारखेच साहाय्यक क्रियापद खुशाल येते; फ्रेंच भाषेतही तसेच. म्हणजे जर्मनीतील किंवा फ्रान्समधील मूलही इंग्रजी शिकताना येथेच अडखळते. ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. आपली चूक परदेशातील मुलेही करतात हे कळले की खेड्यातील मुलाचा संकोच बराच कमी होतो.

दुसरे ठिकाण 'गेलो होतो' चे, आणि येथील बोलीत 'गेलतो' चे. मराठी माणूस जाऊन परत आला की 'गेलो होतो' म्हणतो. गोष्ट झाली, आटोपली, आता तिचे काही उरले नाही, एवढेच त्याला सांगावयाचे असते. इंग्रजीत हे काम साधा भूतकाळ करतो : 'आय वेंट टु बारामती यस्टरडे.' 'हॅड गॉन' म्हणण्यासाठी भूतकाळातील दुसरी एखादी घटना समोर असावी लागते आणि तिच्याही आधीची गोष्ट सांगावयाची असावी लागते. 'व्हेन आय रीच्ड द फील्ड, द वॉटर हॅड गॉन.' मी शेतात पोहोचलो, तोवर पाणी गेलेले होते. दोन घटना नसतील तर 'हॅड' ला हात लावू नये, एवढी सूचना सातवीच्या वर्गापर्यंत पुरेशी आहे.

तिसऱ्या ठिकाणी मात्र मराठी आपल्या मदतीला येते, आणि हे पुष्कळ शिक्षकांच्या लक्षात येत नाही. 'ही हॅज गॉन टु इंदापूर' आणि 'ही हॅज बीन टु इंदापूर' यांतील फरक समजावताना फळाभर आकृत्या काढल्या जातात. वास्तविक पहिले म्हणजे 'तो इंदापूरला गेला आहे', दुसरे म्हणजे 'तो इंदापूरला जाऊन आला आहे'. 'जाऊन आला' हे दोन शब्द उच्चारताच काम होते. मूल 'जाऊन आला' व 'गेला' यांची गल्लत आयुष्यात कधी करत नाही. 'हॅव यू एव्हर बीन टु पंढरपूर?' म्हणजे 'तू कधी पंढरपूरला जाऊन आला आहेस का?' यात वेळ विचारलेली नाही, अनुभव विचारला आहे, आणि अनुभव माणसाजवळ आजही असतो.

अनुभवाच्या ओघात मोरोपंतांचा दाखला घेता येतो, आणि बारामतीच्या शाळांनी तो घ्यावाच. 'मोरोपंत हॅज रिटन केकावली' असे मूल लिहिते, कारण मराठीत 'मोरोपंतांनी केकावली लिहिली आहे' हे रोजचे वाक्य आहे. ग्रंथ आपल्यापुढे आहे, म्हणून 'आहे'. इंग्रजी मात्र कर्त्याकडे पाहते. मोरोपंत १७२९ ते १७९४ या काळात होऊन गेले; त्यांनी केलेल्या गोष्टी साध्या भूतकाळातच सांगावयाच्या : 'मोरोपंत लिव्ह्ड इन बारामती. ही रोट केकावली.' परंतु ज्या मुलाने केकावलीतील काही वाचले आहे त्याने स्वतःविषयी 'आय हॅव रेड सम ऑफ केकावली' असे म्हणावे.

चौथे ठिकाण 'पासून' चे. येथे थोडे थांबले पाहिजे. 'आम्ही पाच वर्षांपासून येथे राहतो' या वाक्यात मराठी क्रियापद वर्तमानकाळी आहे, म्हणून मूल 'वी आर लिव्हिंग हियर सिन्स फाइव्ह इयर्स' लिहिते. इंग्रजीत जी गोष्ट पूर्वी सुरू झाली आणि आजही चालू आहे, तिला पूर्ण वर्तमानकाळ लागतो : 'वी हॅव लिव्ह्ड हियर फॉर फाइव्ह इयर्स.' सुट्टीच्या अर्जातही हीच चूक होते. 'माझे वडील सोमवारपासून आजारी आहेत' हे 'माय फादर इज इल सिन्स मंडे' नव्हे, 'माय फादर हॅज बीन इल सिन्स मंडे' होय. 'सिन्स' व 'फॉर' यांतील निवडीसाठी एक सोपी कसोटी मराठीतच आहे. ज्या ठिकाणी 'गेली पाच वर्षे', 'गेले दोन दिवस' असे म्हणता येते तेथे 'फॉर'. 'गेले सोमवार' असे म्हणता येत नाही, म्हणून तेथे 'सिन्स'.

पण 'फॉर' दिसला की 'हॅव' आलेच पाहिजे, असा नवा चुकीचा नियम मुलाने बांधू नये. यासाठी इंदापूर तालुक्यातच एक उदाहरण आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात या तालुक्यातील नदीकाठची गावे गेली आणि लोकांना वर नव्या जागी वसावे लागले. जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर एरवी पाण्यात असते. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की ते दिसू लागते. अशा एखाद्या घरातील आजी आपल्या नातवाला दोन गोष्टी सांगेल. आम्ही त्या गावात वीस वर्षे राहिलो. आम्ही या गावात चाळीस वर्षांहून अधिक काळ राहतो आहोत. इंग्रजीत :

'वी लिव्ह्ड देअर फॉर ट्वेंटी इयर्स.'

'वी हॅव लिव्ह्ड हियर फॉर मोअर दॅन फॉर्टी इयर्स.'

दोन्ही वाक्यांत 'फॉर' आहे. वर्षांचा आकडा काळ ठरवत नाही. एक राहणे पाण्याखाली गेले आणि संपले; दुसरे चालू आहे. वरील वाक्यातील 'लिव्ह्ड' मागे 'हॅव' घातले तर ऐकणारा समजेल की आजी अजून त्याच गावात राहते. ही दोन वाक्ये मुलांना घरी नेऊ द्यावीत. आजीआजोबांना विचारून 'तेथे किती वर्षे' व 'येथे किती वर्षे' हे त्यांनी लिहून आणावे. ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांची मुले वर्गात असतील तर त्यांची उत्तरे सर्वांहून निराळी येतील, 'वी हॅव बीन हियर फॉर टू मंथ्स' अशी. तीही फळ्यावर इतरांच्या बरोबरीने लिहावीत.

रूपांविषयी थोडक्यात. 'ही हॅज वेंट' ही चूक सर्वत्र आढळते. मराठीत 'गेला, गेला आहे, गेला होता' या तिन्हींत 'गेला' एकच आहे, इंग्रजीत मात्र 'वेंट' व 'गॉन' असे दोन शब्द होतात. 'वॉक्ड', 'पुट', 'कट' अशा क्रियापदांत ते एकच राहते. प्रथम अशी एकरूप क्रियापदे घेऊन काळ पक्का करावा, रूपांचे पाठांतर मागाहून. दोन अडचणी एकाच तासाला मुलापुढे उभ्या करू नयेत. दुसरी एक चूक अधिक मनोरंजक आहे. 'मुलीने पुस्तके वाचली आहेत' याचे इंग्रजी पुष्कळ मुले 'द गर्ल हॅव रेड द बुक्स' असे करतात. शिक्षक म्हणतात, एका मुलीला 'हॅव' कसे? पण मुलाने 'आहेत' पाहून 'हॅव' लिहिले आहे. मराठीत अशा वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. पुस्तके अनेक म्हणून 'आहेत'. तसेच 'मुलांनी पुस्तक वाचले आहे' याचे 'द चिल्ड्रन हॅज' होते. कर्मणि प्रयोग शिकवून झालेल्या वर्गाला हे कारण सांगितले तर मुले एकदम चमकतात, आणि मराठीचा तो पाठही नव्याने समजतो.

आणखी एक शंका अलीकडे शिक्षकच विचारतात. चित्रपटांत व मोबाइलवर 'डिड यू ईट येट?' असे ऐकू येते, मग ते चूक कसे? ती अमेरिकेतील रीत आहे. तेथे 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्याबरोबर साधा भूतकाळ बोलण्यात सर्रास चालतो. ब्रिटिश रीतीत 'हॅव यू ईटन येट?' असे म्हणतात. आपली शालेय पुस्तके सामान्यतः ब्रिटिश रीतीने जातात. तेव्हा 'आय डिड नॉट ईट येट' या वाक्यावर फुली मारण्यापेक्षा शेजारी 'हॅव नॉट ईटन' लिहावे आणि पुढे जावे. मात्र 'हॅव' सह 'यस्टरडे' अमेरिकेतही चालत नाही. दुरुस्तीचा भर कोठे द्यावा हे यावरून ठरवावे.

राहिली वही तपासण्याची गोष्ट. 'माझे कुटुंब' या विषयावर मुलांकडून पाच वाक्ये लिहून घेतली असता एखाद्या वहीत असे वाक्य येते : 'माय ग्रँडफादर वेंट लास्ट इयर.' घाईत तपासणारा हात 'वेंट' खाली रेघ ओढतो आणि समासात लिहितो, 'व्हेअर?' मुलाने मनात 'आजोबा गेले' असे म्हटलेले असते. मराठीत 'गेले' हा शब्द दोन्ही कामे करतो, आणि त्यांतील दुसरे काम करताना तो स्थळ मागत नाही. 'आजोबा बाजारला गेले' आणि 'आजोबा गेले' यांत मुलाला कोणी फरक शिकवावा लागत नाही. इंग्रजीत मात्र नुसते 'वेंट' म्हटल्याने तो अर्थ पोहोचत नाही, 'डाइड' किंवा 'पास्ड अवे' म्हणावे लागते. या वाक्यात काळ पूर्ण बरोबर आहे. 'लास्ट इयर' आहे, म्हणून साधा भूतकाळ. पुष्कळ मोठी माणसे येथे 'हॅज' घालून चुकली असती. चुकला आहे तो शब्द. असे वाक्य दिसल्यास लाल शाई बाजूला ठेवून मुलाला जवळ बोलवावे, मराठीतून दोन शब्द बोलावेत, आणि मग 'वेंट' च्या जागी कोणता शब्द येतो ते हळूच सांगावे. काळ बरोबर लिहिला आहेस, हेही सांगावे.

सरावासाठी पुढील वाक्ये द्यावीत. प्रत्येक वाक्यात प्रथम वेळेचा शब्द आहे का ते मुलांनी शोधावे, मग गोष्ट चालू आहे की संपली ते ठरवावे, आणि त्यानंतरच लेखणी उचलावी. कालव्याला पाणी आले आहे. आम्ही परवा भिगवणला गेलो होतो. बाबा कारखान्यावर गेले आहेत. आई पंढरपूरला जाऊन आली आहे. मुलींनी गाणे म्हटले आहे. ताई तीन दिवसांपासून आजारी आहे. आम्ही जुन्या गावात दहा वर्षे राहिलो. तू हे केव्हा लिहिले आहेस? शेवटी एक वाक्य मुद्दाम दोन अर्थांचे ठेवावे, 'मास्तर गेले.' बदली होऊन गेले, की घरी गेले, की आणखी काही, हे वर्गाने शिक्षकाला विचारल्याशिवाय त्याचे इंग्रजी करू नये.